‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

सोलापुरातल्या इंग्रजीच्या कुठल्याही क्लासात हे वाक्य हमखास कानावर पडतं: ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू सिद्धेश्वर टेम्पल.’ हॅड जागेवर आहे, पुढे गो-वेंट-गॉनमधलं तिसरं रूपही बरोबर आलंय. तरी वाक्य चुकलं. तिथे साधं ‘आय वेंट’ हवं. यात बोलणाऱ्याचा दोष फार कमी. ‘मी गेलो होतो, पूर्ण भूतकाळ, पास्ट परफेक्ट’ अशी जोडी त्याच्याकडून घोटून घेतलेली असते, आणि ती जोडीच फसवी आहे.

मराठीतला ‘होता’ काय करतो ते आधी बघा. ‘पाहुणे आले’ म्हटलं की पाहुणे घरात बसलेत, चहा टाकायला हवा. ‘सकाळी पाहुणे आले होते’ म्हटलं की आले आणि गेलेसुद्धा. ‘परवा चादर घेतली होती’ असं कुणी म्हणालं, की ती बदलली, कुणाला देऊन टाकली किंवा काय झालं, असं पुढे काहीतरी येणार हे आपल्याला कळतं. म्हणजे आपला ‘होता’ सांगतो की गोष्ट थोडी मागची आहे, तो विषय आता मिटलाय. इंग्रजी हॅडचं काम वेगळंच आहे. भूतकाळात आधीच एक गोष्ट सांगून झालेली असते आणि तिच्याही आधी दुसरी काही घडून गेलेली असते, ती दाखवायला हॅड. म्हणून ‘गेस्ट्स हॅड कम इन द मॉर्निंग’ एवढंच बोलून थांबलात, तर इंग्रजी कानाचा माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो.

तेव्हा हॅड तोंडात आला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: कशाच्या आधी? उत्तर त्याच वाक्यात किंवा मागच्या वाक्यात असेल तर हॅड ठेवा. नसेल तर काढा. ‘काल’, ‘सकाळी’, ‘गेल्या आठवड्यात’ ही त्या प्रश्नाची उत्तरं नाहीत. ती फक्त वेळ सांगतात.

आता उलटी बाजू. हिच्याकडे क्लासात फारसं कुणी बघत नाही. मराठीत जिथे ‘होता’ दिसतही नाही, तिथे इंग्रजीला हॅड लागतो. ‘मी स्टेशनवर पोचलो तोवर हुतात्मा एक्सप्रेस गेली.’ मराठीत दोन्ही क्रियापदं साध्या भूतकाळात, कारण आधी काय झालं ते ‘तोवर’नं सांगून टाकलं. इंग्रजीत ते काम हॅडला करावं लागतं: ‘बाय द टाइम आय रीच्ड द स्टेशन, द हुतात्मा हॅड लेफ्ट.’ आपलं ‘-ऊन’ही असंच. ‘त्यांनी ताट वाढलं, पण मी जेवून गेलो होतो.’ इथे ‘होतो’ चिकटलाय ‘गेलो’ला, पण ताट वाढण्याच्या आधी झालेली कामाची गोष्ट आहे जेवण. म्हणून ‘आय हॅड गॉन’ नाही, तर ‘दे सर्व्ह्ड मी फूड, बट आय हॅड ऑलरेडी ईटन.’ शब्दाला शब्द लावत गेलात तर हॅड चुकीच्या क्रियापदावर जाऊन बसतो. मराठी वाक्यात ‘होता’ शोधत बसू नका. ‘तोवर’, ‘तोपर्यंत’, ‘आधीच’ आणि ‘-ऊन’ शोधा.

हॅड असण्या-नसण्यानं अर्थ किती सरकतो, ते ‘व्हेन’च्या वाक्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हे वाक्य इथल्या कुणालाही जवळचं. ‘व्हेन आय केम होम, द वॉटर स्टॉप्ड’ म्हणजे मी दारात पाऊल टाकलं आणि त्याच वेळी धार बंद झाली. ‘व्हेन आय केम होम, द वॉटर हॅड स्टॉप्ड’ म्हणजे मी येण्याआधीच पाणी गेलं होतं, मी आलो तेव्हा नळ कोरडा. क्रियापदाच्या आधीचा एक छोटा शब्द, आणि घटनांचा क्रम बदलला.

‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ असताना मात्र हॅडची सक्ती नाही. क्रम त्या शब्दांनीच सांगितलेला असतो. ‘आय लॉक्ड द डोअर बिफोर आय लेफ्ट’ अगदी बिनचूक आहे. पेपरात रिकामी जागा भरताना हॅड अपेक्षित असेल तर भरा, पण बोलताना प्रत्येक ‘आफ्टर’मागे तो लावत बसलात की बोलणं जड होतं.

रूपाचा भाग सोपा आहे. आय, ही, दे, सगळ्यांना हॅडच. गडबड होते ती तिसऱ्या रूपात. ‘हॅड वेंट’, ‘हॅड केम’, ‘हॅड सॉ’, ‘हॅड ड्रँक’ या रोजच्या चुका, कारण दुसरं रूप दिवसभर तोंडात असतं. नुसती तीन रूपांची माळ म्हणण्यापेक्षा ‘हॅड गॉन, हॅड कम, हॅड सीन, हॅड ड्रंक’ अशी जोडीनंच मोठ्यानं म्हणा. रोज दहा जोड्या पुरेत. बोलण्यात हॅड आखडतो आणि ‘आय हॅड’चं ‘आयड’ होतं. पण ‘आय वुड’चंही ‘आयड’च होतं. फरक पुढच्या शब्दावरून ओळखायचा: ‘आयड गॉन’मध्ये हॅड, ‘आयड गो’मध्ये वुड. ‘यूड बेटर गो’ हा अपवाद. तिथे पुढे पहिलं रूप असलं तरी आत हॅडच आहे. आणि ‘वी हॅड हॅड अवर टी’ हे वाक्य ऐकून दचकू नका, ते बरोबर आहे. पहिला हॅड घाईत, दुसरा ठसठशीत म्हणायचा.

‘दोन तास थांबलो होतो, तेव्हा एसटी आली.’ याचं ‘वी वेअर वेटिंग फॉर टू अवर्स’ करू नका. ‘वी हॅड बीन वेटिंग फॉर टू अवर्स व्हेन द एसटी केम.’ भूतकाळातल्या एका क्षणापर्यंत किती वेळ गेला ते सांगायचं असेल तर ‘हॅड बीन’.

‘तर’च्या वाक्यात वेगळाच घोटाळा. ‘मला माहीत असतं तर मी आलो असतो.’ मराठीत दोन्हीकडे ‘असणे’चंच रूप, म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावतो. ‘इफ’च्या बाजूला हॅड, दुसऱ्या बाजूला वुड हॅव: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’

सरावाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. चार तारखा वहीत लिहा: १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला, १९४१ साली क्वो छिंगलान यांच्याशी लग्न, डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच मृत्यू. पहिल्यांदा याच क्रमानं लिहा: ‘ही वॉज बॉर्न’, ‘ही वेंट’, ‘ही मॅरीड’, ‘ही डाइड’. एकही हॅड लागणार नाही. घटना किती जुन्या आहेत याचा हॅडशी काही संबंध नाही, हे इथे डोळ्यांसमोर येतं.

मग पान उलटा आणि शेवटापासून सुरू करा. ‘डॉ. कोटणीस डाइड इन डिसेंबर १९४२. ही हॅड गॉन टू चायना इन १९३८ अँड हॅड मॅरीड क्वो छिंगलान इन १९४१.’ आता १९४२ हा खुंटा ठोकला गेला, आणि त्याच्या मागे जाणाऱ्या क्रियापदांना हॅड आला. हॅडबरोबर साल लिहिलं तर चालतं, हेही बघून ठेवा. ‘हॅज गॉन’बरोबर तसं साल चालत नाही. ‘फोर इयर्स अगो’ मात्र इथे लिहू नका. अगो आजपासून मागे मोजतं, १९४२ पासून मागे मोजायचं तर ‘फोर इयर्स बिफोर’ किंवा ‘फोर इयर्स अर्लिअर’.

याच परिच्छेदात १९३८ सालातल्या प्रवासाबद्दल आणखी चार वाक्यं लिहायची असतील, तर पहिल्या एका-दोन वाक्यांत हॅड ठेवा आणि मग साध्या भूतकाळावर या. वाचणारा तुमच्याबरोबर १९३८ मध्ये पोचलेला असतो. पुन्हा १९४२ मध्ये परतायचं असेल तेव्हा ‘व्हेन ही डाइड’ किंवा ‘बाय १९४२’ असे दोन-तीन शब्द टाका, नाहीतर तो तिकडेच राहील.