गाडी दारात, नोंद गायब

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसातून मुनीमकाकांचा फोन आला. "गाडी दारात उभी आहे भो, यादीत नंबर बी दिसतो, पन शोधला तं मशीन म्हनते अशी गाडीच नाही." मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या घरात, दिल्लीचा माल भरून तयार. बिल्टी, म्हणजे मालाच्या वाहतुकीची पावती, निघाल्याशिवाय गाडी हलणार नव्हती, आणि त्या उन्हात केळी कोणासाठी थांबत नाही.

त्यांचा सर्व्हर ऑफिसातच, तिजोरीशेजारी. आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका तंत्रज्ञाने नवं मशीन बसवलं होतं: उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) १८.०४ चं २२.०४, पोस्टग्रेस (सगळ्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस) १० चं १४. करणं भागच होतं, पोस्टग्रेस १० चे अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाले. जाहीर झालेले बदल त्याने नीट सांभाळले होते. १४ मध्ये पासवर्डची डीफॉल्ट पद्धत एमडी५ ऐवजी स्क्रॅम झाली, त्यामुळे जुना बिलिंग प्रोग्रॅम अडला होता. तेही त्याने निस्तरलेलं. जुना डेटा नव्या आवृत्तीत नेणाऱ्या पीजी-अपग्रेडच्या लॉगमध्ये एकही एरर नाही. त्याला दोष द्यायला माझी जीभ धजावत नाही.

मी गाडीचा नंबर टाकून शोधाची क्वेरी चालवली. शून्य ओळी. मग इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) वापरायचाच नाही असं सेटिंग करून तीच क्वेरी पुन्हा चालवली, तर नोंद हजर. म्हणजे डेटा शाबूत होता, इंडेक्स खोटं बोलत होता. आधी डिस्कवर संशय घेतला, पण ती निर्दोष निघाली.

जुनं मशीन अजून टेबलाखाली पडून होतं, ते चालू केलं. दोन्हीकडे "१-१" आणि "११" एवढ्या दोनच ओळी क्रम लावणाऱ्या सॉर्ट कमांडला दिल्या. जुन्यावर "११" आधी आलं, नव्यावर "१-१" आधी. तिथेच उलगडा झाला.

मजकुराचा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही. आपण वेगळं काही सांगितलं नसेल, तर तो लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीला विचारतो. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने हे क्रमाचे नियम बदलले. उबुंटू १८.०४ वर २.२७ आहे, २२.०४ वर २.३५. पीजी-अपग्रेड इंडेक्सच्या फायली जशाच्या तशा उचलतो. जुन्या वर्णक्रमाने छापलेला शब्दकोश नव्या वर्णक्रमाने चाळावा, तसं झालं होतं. त्यातून यांच्याकडे कोणी "एमएच-१९" असं डॅश देऊन लिहिणारं, कोणी सगळं जोडून. पोस्टग्रेसच्या बदलांच्या यादीत हे सापडणार कसं? बदल त्यांचा नव्हताच.

गाडी अडवून ठेवण्यात अर्थ नव्हता. त्या डेटाबेसपुरता इंडेक्सवरचा शोध बंद केला. काम मंदावलं, पण उत्तर खरं येऊ लागलं. बिल्टी निघाली. नवी गाडी मात्र नोंदवायची नाही, अशी काकांना ताकीद दिली, कारण नंबर आधीच आहे का हे पाहायला पोस्टग्रेस त्याच बिघडलेल्या इंडेक्सकडे जातो.

संध्याकाळी बॅकअप घेऊन इंडेक्स तपासणारं ॲमचेक चालवलं. आकड्यांचे इंडेक्स ठणठणीत, मजकुराचे कित्येक नापास. रीइंडेक्स करायला, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधायला गेलो तर गाड्यांच्या टेबलावर नकार आला: युनिक इंडेक्स (एक नंबर एकदाच) बनत नाही, दोन नोंदी एकाच नंबरच्या. मशीन "नाही" म्हणालं की पोरं तीच गाडी नव्याने चढवत होती. एकाच गाडीची उचल एका नोंदीवर, भाडं दुसऱ्या.

इथे कोणतीही कमांड कामाची नव्हती. काकांनी लाल वही काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक गाडी वाचू लागले. मी नव्या नोंदीवरच्या पावत्या जुन्या नोंदीला जोडत गेलो आणि रिकामी झालेली नोंद काढत गेलो. एका गाडीच्या दोन नोंदींवर ड्रायव्हरचे मोबाइल नंबर वेगळे होते. काकांनी दोन्ही लावून पाहिले. एक लागेना, दुसऱ्यावर ड्रायव्हर इतका वैतागून बोलला की ओळख पटली.

मग रीइंडेक्स सरळ पार पडलं. शोध पूर्ववत केला आणि गाडी नंबरच्या रकान्याला "सी" कोलेशन, म्हणजे क्रम लावायचा नियम, लावलं. त्यात बाइटनुसार तुलना होते, लिनक्स बदललं तरी क्रम तोच राहतो. पण त्यात कॅपिटल अक्षरं आधी आणि स्मॉल नंतर येतात, त्यामुळे कोणी स्मॉलमध्ये टाकलेल्या गाड्या यादीच्या तळाशी गेल्या. दुसऱ्या दिवशी काकांचा पुन्हा फोन. आता काय बिघडवलं, म्हणून.