कवळी परत करायला आलेल्या बाई

त्या दिवशी पहिल्या रुग्ण म्हणून ज्या बाई आत आल्या, त्यांनी खुर्चीत बसण्याआधीच रुमालात गुंडाळलेली एक डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि तोंडावर हात धरून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हटले, "डॉक्टर, ही परत घ्या. मला नाही जमत." डबीत तीन आठवड्यांपूर्वी मीच बसवून दिलेली संपूर्ण कवळी होती, वरची आणि खालची. दंतवैद्य म्हणून कवळी बोचते, हलते, सैल वाटते अशा तक्रारी मी रोज ऐकते; पण उसनी आणलेली वस्तू पोचती करावी तशी कोणी ती परत आणून ठेवली, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होते.

बाई ७१ वर्षांच्या होत्या आणि ३० वर्षांहून अधिक काळ त्यांनी शाळेत भाषा शिकवली होती. हिरड्यांच्या जुन्या आजाराने त्यांचे बहुतेक दात आधीच गेले होते. उरलेले नऊ इतके हलत होते, की ते काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. दात काढल्यावर हिरड्या नीट भरून येण्यासाठी मी अडीच महिने थांबले, मग मापे घेतली, मेणात दात लावून त्यांना आरशात दाखवले आणि त्यांची संमती मिळाल्यावरच कवळी तयार करवून घेतली. तरीही तीन आठवड्यांत त्या तीनदा येऊन गेल्या होत्या. प्रत्येक वेळी "टोचते" आणि "वर उचलली जाते" एवढेच त्या सांगत, आणि प्रत्येक वेळी मी खालच्या कवळीची कड थोडी घासून देत असे.

त्या दिवशीही माझा हात सवयीने घासण्याच्या यंत्राकडे गेला होता. त्याआधी तोंड तपासायचे म्हणून मी दिवा जवळ ओढला आणि जांभळी पेन्सिल हातात घेतली. हिरडीवर जिथे लाली किंवा जखम असते, तिथे या पेन्सिलीने खूण करून कवळी पुन्हा बसवली, की ती खूण कवळीच्या आतल्या बाजूला उमटते आणि नेमके कुठे घासायचे ते कळते. कधी कधी अर्धा मिलिमीटर घासणेही पुरते. मी दोन्ही हिरड्या, जिभेखालचा भाग, गालांच्या आतले कोपरे पुन्हा पुन्हा पाहिले. खूण करावी अशी जागाच सापडली नाही. सगळीकडे हिरडी गुलाबी, कोरी आणि शांत होती. कवळी तीन आठवडे वापरलेल्या तोंडात कुठे ना कुठे तिचा माग राहतोच. इथे तो नव्हता.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "बाई, दिवसातून किती वेळ घालता?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इथे यायच्या दिवशी."

पहिल्या आठवड्यात त्यांनी ती मनापासून घातली होती. चौथ्या दिवशी घरातले सगळे जेवायला बसलेले असताना नातवाच्या कुठल्याशा बोलण्यावर त्या मनमोकळे हसल्या आणि खालची कवळी जिभेवर उचलली जाऊन ओठांपर्यंत आली. पाच वर्षांचा तो मुलगा घाबरून रडायला लागला. घरातल्यांनी लगेच विषय बदलला, कोणी हसले नाही, कोणी काही बोलले नाही. पण त्या रात्रीपासून बाई सगळ्यांची जेवणे झाल्यावर एकट्या स्वयंपाकघरात, नुसत्या हिरड्यांनी चावता येईल असे मऊ अन्न खाऊ लागल्या. "ज्या तोंडानं मी आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारले, ते तोंड आता माझं राहिलं नाही," असे त्या म्हणाल्या. हे सांगतानाही त्यांचा हात तोंडावरून खाली आला नव्हता.

मी डबी उघडली. कवळीखाली एक कागद चौपदरी घडी करून ठेवलेला होता. कवळी देताना मी प्रत्येकाला सूचनांचा एक छापील कागद देते, तोच हा. "काही दिवसांत सवय होईल" या वाक्याखाली बाईंनी लाल शाईने रेघ ओढली होती आणि समासात, वह्या तपासणाऱ्या माणसाच्या त्या नेटक्या अक्षरात, एकच शब्द लिहिला होता : "किती?"

त्या एका शब्दाने मला जे जाणवले, ते आजही तितकेच स्पष्ट आठवते. हा कागद मी आजवर कितीतरी जणांच्या हातात दिला होता आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे मोघम ठेवले होते. दिवस मोजणाऱ्या माणसाला "काही दिवस" सांगणे म्हणजे चौथ्या दिवशी त्याला नापास ठरवण्यासारखेच आहे. त्यात भर म्हणून कोणीतरी ओळखीचे हमखास सांगते, की आमच्या अमक्यांना आठ दिवसांत सवय झाली. हे बोलणे कितीही प्रेमाने केलेले असले, तरी नवी कवळी लावणाऱ्याचे त्याने फार नुकसान होते, कारण कोणत्याही दोन माणसांचे जबडे, लाळ आणि जीभ सारखी नसते.

म्हणून त्या सकाळी मी प्रथम त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. नवी कवळी तोंडात गेली, की शरीर तिला अन्नच समजते आणि लाळ वाहू लागते. ती साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आवरते. बोलणे सुधारायला काही आठवडे लागतात. चावण्याचे नवे वळण जीभ, गाल आणि जबडा यांच्या स्नायूंमध्ये मुरायला मात्र सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात, आणि तेही कवळी रोज तोंडात असेल तरच. त्यानंतरही तिचा जोर नैसर्गिक दातांच्या जोराच्या फार तर चौथ्या हिश्शाइतकाच असतो. हे शेवटचे वाक्य सांगताना मी पूर्वी कचरत असे. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. उलट खरे काय ते कळल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैलावला, असे मला वाटले.

खालच्या कवळीचा प्रश्न वेगळा असतो, हेही मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावले. नैसर्गिक दात हाडात ज्या तंतूंनी धरलेले असतात, त्यांचा पृष्ठभाग एका जबड्यात सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर भरतो. दात गेल्यावर वरच्या कवळीला टाळूसकट सुमारे २३ चौरस सेंटिमीटरचा आधार मिळतो, तर खालच्या कवळीला जेमतेम १२. वरची कवळी टाळूवर लाळेच्या पातळ थराने, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तशी धरून राहते आणि तिच्या कडा हवा आत येऊ देत नाहीत. खालची कवळी घोड्याच्या नालासारखी अरुंद, मध्ये हलणारी जीभ आणि दोन्ही बाजूंना हलणारे गाल. त्यातून खालचे हाड अधिक झिजते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २५ वर्षांच्या पाठपुराव्यावर आधारलेल्या अभ्यासात ही झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली होती. मग अशी कवळी जागेवर राहते कशाने? मुख्यतः जीभ आणि गाल यांनी तिला सांभाळून घेतल्यामुळे, म्हणजेच शिकून.

"मग मला शिकवा," बाई म्हणाल्या.

मी कवळी धुऊन त्यांच्या तोंडात बसवली, हातात आरसा दिला आणि साठपासून पुढे आकडे मोजायला सांगितले. मराठीत उच्चारांची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही : साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, प्रत्येक शब्दात "स" किंवा "ष्ट", आणि जिभेला एका क्षणाचीही उसंत नाही. चौसष्टपर्यंत त्या कशाबशा पोहोचल्या. पासष्टला शिट्टीसारखा आवाज आला, सहासष्टला खालची कवळी उचलली गेली आणि त्या थांबल्या. मी पुन्हा मोजायला सांगितले. या वेळी मी उच्चार ऐकणे सोडून फक्त जिभेकडे पाहत राहिले, आणि गेल्या तीन भेटींत जे मला दिसले नव्हते ते दिसले.

बाईंची जीभ घशाकडे ओढलेली होती. कवळी पुढे येईल या भीतीने त्या जीभ आखडून मागे धरत होत्या, आणि नेमक्या त्याच कारणाने कवळीचा जिभेकडचा काठ उघडा पडून तिथून हवा आत शिरत होती. मी त्यांना तोंड अर्धे उघडायला सांगितले. कवळी उचलली गेली. मग जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे अलगद टेकवून तेवढेच उघडायला सांगितले. कवळी जागेवर राहिली. बाईंनी आरशात पाहिले, जीभ मुद्दाम मागे घेतली, कवळी उचलली गेली; जीभ पुढे टेकवली, कवळी बसली. हे त्यांनी पाच-सहा वेळा केले, अगदी एखादा प्रयोग पडताळून पाहावा तसे. मग तोंडावर हात न धरता त्यांनी साठपासून सुरुवात केली. पासष्टचा "स" अजून थोडा घसरला, पण एकोणसत्तरपर्यंत कवळी एकदाही उचलली गेली नाही.

माझी चूकही मला त्याच वेळी कळली. न वापरलेल्या कवळीच्या तक्रारीवर विश्वास ठेवून मी तीन वेळा जी कड घासली होती, ती घासायला नको होती. त्यामुळे कवळीची पकड आणखी कमी झाली होती. मी हे बाईंना सांगितले आणि माफी मागितली. आत मऊ अस्तर लावून ती कड पुन्हा भरून काढली. हे अस्तर तात्पुरते असते, पुढे पक्के अस्तर करावे लागते. त्याचा उग्र वास सहन करत, ते घट्ट होईपर्यंत बाई जीभ पुढे टेकवून निमूटपणे बसून राहिल्या.

जमिनीत खांब रोवावेत तसे खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवता येते, आणि २००२ पासून तज्ज्ञांच्या एका सहमतीपत्रात खालच्या जबड्यासाठी तोच पहिला पर्याय मानला आहे, हेही मी त्यांच्यापुढे मांडले. "आधी दोन महिने हीच घालून पाहते," असे त्यांनी ठरवले. निर्णय त्यांचा होता आणि तो विचारपूर्वक घेतलेला होता.

बाकीच्या सूचना मी थोडक्यात दिल्या. छोटा घास घेऊन तो दोन भाग करून दोन्ही बाजूंना एकदम चावावा, म्हणजे कवळी एका अंगाला कलत नाही. पुढच्या दातांनी तोडू नये. रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात कधीच नको, कारण ती वाकडी होते. आणि दुखले तर घरी न घासता, भेटीच्या आदल्या दिवशी मात्र ती अवश्य घालावी, म्हणजे जागा सापडते. छापील कागदावरचे ते वाक्य खोडून मी त्यावर आठवडे लिहिले. त्यांनी कागद घेतला, वाचला आणि लाल शाईचा "किती?" तसाच राहू दिला.

दहा दिवसांनी त्या आल्या, तेव्हा कवळी डबीत नव्हती, तोंडात होती. "डावीकडे ठणकतंय," त्या म्हणाल्या, आणि "ठणकतंय" मधला "त" स्वच्छ होता. दोन दिवसांपूर्वी नातवाला त्यांनी एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली होती, मध्येच कवळी हलली तेव्हा त्याने थांबून विचारले, "आजी, जीभ पुढे आहे ना?" घरातल्या घरात हे तंत्र त्यालाही माहीत झाले होते. मी दिवा जवळ ओढला. डाव्या बाजूला, हिरडीच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढी लाल खूण होती. इतक्या आनंदाने मी क्वचितच कुणाची जखम पाहिली असेल. जांभळी पेन्सिल घेऊन मी तिच्यावर टिंब काढले, कवळी बसवली, काढली, आणि आतल्या गुलाबी पृष्ठभागावर उमटलेल्या त्या ठिपक्याइतकेच, त्याहून जराही जास्त नाही, घासून दिले.