दिवे घाट, सासवड, जेजुरी : माउलींसोबत पायी

पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या पंढरपूरच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा, तीसेक किलोमीटर तरी होतात आणि त्यात दिवे घाट. वडकीच्या पुढे चढ लागला की रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, आणि दिंड्यांचा जोर तिथंच वाढतो. दम लागलाय म्हणून मी कडेला थांबलो तर मागून आजी आल्या, डोक्यावर तुळस, म्हणाल्या "चला माउली, थांबलं की पाय जड होत्यात" आणि गेल्यापण पुढे. वर पोचून खाली बघितलं तर अख्खा घाट पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताकांनी भरलेला, आणि पायथ्याशी बाजीरावांच्या काळातला मस्तानी तलाव. गाडीतून या घाटाने किती वेळा गेलोय पण तलाव असा कधी दिसलाच नव्हता.

सासवडला कऱ्हेकाठी सोपानकाकांची समाधी. माउलींचा मुक्काम इथं असतानाच धाकट्या भावाची पालखीसुद्धा पंढरपूरला निघते, हे ऐकून माहीत होतं पण डोळ्यांनी बघताना गलबलून आलं खरंच. समोर पुरंदर. संभाजीराजांचा जन्म तिथला, 1657 चा, आणि 1665 ला किल्ला लढवताना मुरारबाजी देशपांडे पडले तेही तिथंच.

मला सगळ्यात जास्त भावली ती संध्याकाळची समाज आरती. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, टाळांचा नुसता कल्लोळ, चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की एका क्षणात सगळं शांत, पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात आणि मगच पुढचं. हरवलं-सापडलं पण तिथंच पुकारतात. एवढ्या लाखोंच्या गर्दीत कुणाचं म्हणणं राहून जात नाही, ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये आणि मला तरी गडकिल्ल्यांइतकाच हा आपला मोठा वारसा वाटतो.

पुढे जेजुरी. वैष्णवांची पालखी खंडोबाच्या दारात, आणि गावकरी तिच्यावर भंडारा उधळतात, येळकोट आणि ज्ञानोबा-तुकाराम एकाच वेळी कानावर, कपडे कान केस सगळं पिवळंधमक.

पूर्ण वारी जमत नसेल तर पुणे ते जेजुरी तरी चालाच, सासवडला मुक्काम जास्त असतो त्यामुळे पायांना आराम मिळतो. सामान कमी घ्या, प्लास्टिकचा कागद मात्र विसरू नका.