ताटव्यातली दाटी

भिंतीलगतचा दीड-दोन फुटांचा ताटवा पहिल्या वर्षी विरळ वाटतो, दुसऱ्या वर्षी भरतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र शेवंती डेलिलीवर रेललेली, कर्दळ दोघींच्या डोक्यावर, पानं भरमसाट आणि फुलं नावाला. अशा वेळी खताचा हात सैल सुटतो. खताने पानं तेवढी आणखी माजतात.

दुखणं जमिनीखाली असतं, आणि उपाय म्हणजे गड्डा (मुळांसकट फुटव्यांचा झुपका) काढून, फोडून पुन्हा लावणं. शेवंतीचा जुना गड्डा काढून उलटा करून बघा. कडेने हिरवे फुटवे आणि पांढरी मुळं, मधोमध मात्र तपकिरी, लाकडासारखा, जवळजवळ मेलेला भाग. झाड दरवर्षी बाहेर सरकत गेलेलं असतं. लावायची ती कडा. मधला भाग, कितीही जुना आणि लाडका असला तरी, टाकून द्यायचा.

बहर संपला की ढगाळ दिवस बघावा. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावं, खोड-पानं वीतभर ठेवून छाटावीत. दांड्याला धरून उपटलं तर फुटवे मानेशी तुटतात, म्हणून गड्ड्यापासून चार-सहा इंच लांबून गोल खणत, खालून उचकटावं. धारदार सुरीने तुकडे करावेत: प्रत्येकाला तीन ते पाच फुटवे आणि स्वतःची मुळं हवीत. कर्दळीच्या कंदाला दोन-तीन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, पुरतात. निशिगंधाचे कंद हातानेच सुटे होतात. त्यातल्या बारक्यांकडून लगेच फुलांची आशा धरू नये. सोटमूळ, म्हणजे सरळ खाली जाणारं एकच जाड मूळ, असलेल्या झाडांच्या वाटेला मात्र जाऊच नये.

गड्डा फोडताना मुळं धुऊन बघणं कंटाळवाणं खरं, पण लव्हाळ्याच्या काळ्या गाठी आणि हरळीचे धागे तिथेच दडलेले असतात. एक गाठ राहिली तरी पुढच्या हंगामात लव्हाळा शेवंतीच्या पोटातून वर येतो आणि मग नुसत्या खुरप्याने निघत नाही.

रिकामा झालेला ताटवा फूटभर खणून दोन इंच कुजलेलं शेणखत मिसळावं. ताजं शेण नको, मुळं करपतात. लावणी पूर्वीच्याच खोलीवर. दाढीवाल्या (पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसचा कंद तेवढा अर्धा उघडा, पाठीला ऊन लागेल असा ठेवावा. पुरला की सडतो.

अंतर राखताना मात्र मन कच्चं होतं. एका गड्ड्याचे सात-आठ तुकडे निघतात आणि जागा असते तिघांची. भिंतीपासून वीतभर सोडून, नागमोडी ओळीत, शेवंतीला फूटभर आणि कर्दळीला दीड फूट द्यायचं, की जागा संपली. उरलेले ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी वाटून टाकावेत. ‘एवढा एक कोपऱ्यात’ म्हणत खोचले की हवा खेळत नाही आणि शेवंतीच्या पानांवर पांढरी भुरी, म्हणजे पिठासारखी बुरशी, धरते.

लावल्यावर झाडं काही दिवस माना टाकतात. बोटभर खोल चाचपून माती ओलसर लागली तर पाणी नको, आणि नवी पानं निघेपर्यंत वरखतही नको.