उंबरठ्यावरून उठवलेलं सागवान : आमची वाटचाल

प्लॅस्टिकच्या (व्हिनाइल) फ्लोअरिंग शीटवर लाकूड-दगडाचा पोत उठवणारे कोरीव रोलर आम्ही बनवतो. वसईतल्या आमच्या गाळ्यात नवीन माणूस कामाला लागला की पहिले दोन दिवस त्याला मशीनला हात लावू देत नाही. टेबलावर सागवानाची फळी, शहाबादी फरशीचा तुकडा आणि आमच्या रोलरवरून निघालेल्या शीटचे नमुने मांडलेले असतात. डोळे मिटायचे, हात फिरवायचा आणि काय लागतं ते सांगायचं. ही शिस्त बाबांनी घालून दिलेली.

बाबा गिरणीत एनग्रेव्हिंग खात्यात होते. कापडछपाईचे तांब्याचे रोलर तिथे कोरले जात. आधी पोलादाच्या छोट्या रोलरवर नक्षी हाताने कोरायची, तो पाणी देऊन कडक करायचा, दाबाखाली त्याची उलटी नक्षी दुसऱ्या पोलादी रोलरवर उठवायची. या दुसऱ्याला ‘मिल’ म्हणतात. मग ती मिल मोठ्या रोलरवर दाबून फिरवत सगळी नक्षी भरायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बाबांचं खातं पुन्हा उघडलंच नाही. मिळेल ते काम करत त्यांनी काही काळ काढला, मग गिरणीतल्याच एका सोबत्याबरोबर अर्धा गाळा भाड्याने घेतला. एक जुनं लेथ, भिंगं, कोरण्या आणि दोघांचे हात एवढंच भांडवल. रेक्झीनवर चामड्याचा ग्रेन, म्हणजे दाणेदार पोत, उठवणाऱ्या रोलरचं जॉबवर्क मिळू लागलं आणि त्यावर घर चाललं.

डिप्लोमा करून मी हाताशी आलो तेव्हा फ्लोअरिंगचं नावही आमच्या डोक्यात नव्हतं. व्हिनाइल शीट बनवणारी एक पार्टी सॅम्पल घेऊन आली. छपाई उत्तम, पण माल खपत नव्हता. लोक म्हणायचे, हे तर टेबलावरचं मेणकापड. कारण भिंगाखाली लगेच दिसलं. लाकडाच्या रेषा एका दिशेने वाहत होत्या आणि वरचा खरखरीतपणा कुठल्याही दिशेने. छापलेली गाठ डोळ्यांना दिसायची, पण तिथे बोट गुळगुळीत फिरायचं. आपल्याकडे घरात अनवाणी वावरतात, जमिनीवर पाट मांडून जेवतात, त्यामुळे ही फसवणूक पायाला आधी कळते.

अशा शीटमध्ये खाली बेस, त्यावर छापील थर आणि सर्वांत वर वेअर लेअर, म्हणजे झीज सोसणारा पारदर्शक थर असतो. घरगुती मालात तो बहुधा ०.३ मिलिमीटरच्या आसपास, दुकान-दवाखान्यासाठी ०.५ किंवा जास्त. तापवलेली मऊ शीट, आतून पाणी खेळवून गार ठेवलेल्या कोरीव रोलरखालून जाते, तिथेच पोत उमटतो आणि तिथेच थिजतो. शीट जास्त गरम असेल तर रोलरला चिकटते. कमी गरम असेल तर मशीनवर पोत छान दिसतो, आणि गोदामाच्या उन्हाळ्यात हळूहळू पुन्हा सपाट होत जातो.

सागाचा पोत कागदावर काढून पाहिला, जमला नाही. शेवटी बाबा जुन्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्या वखारीतून एक उंबरठा घेऊन आले. सागाच्या प्रत्येक वलयात सुरुवातीच्या वाढीचा भाग मऊ आणि मोठ्या छिद्रांचा, नंतरचा भाग घट्ट. वर्षानुवर्षं पायांनी मऊ भाग झिजला होता आणि घट्ट रेषा वर राहिल्या होत्या. आम्ही तो ब्रशने स्वच्छ केला, भोवती पट्ट्यांची चौकट केली, सिलिकॉन ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी साचा सोलून उजेडात धरला. लाकडातली सुईच्या टोकाएवढी छिद्रं त्यावर केसांसारखी उभी होती. रोलरवर नेमकं हेच उलटं रूप लागतं. जमिनीवरची बारीक खाच रोलरवर पातळ कड म्हणून उभी राहते आणि आजूबाजूचं पोलाद फेरिक क्लोराइडने टप्प्याटप्प्याने खायचं असतं. टप्प्यांमुळे कडांना पायऱ्या पडतात. त्या आमचे मामा अजून हाताने मोडतात. क्रोम प्लेटिंग त्यानंतरच.

त्याच कामात आणखी एक गोष्ट उमगली. छपाईसाठी लाकडाचा फोटो तिरप्या उजेडात काढला तर खाचांची सावली चित्रातच येते. घरात खिडकी दुसऱ्या बाजूला असली की खऱ्या खाचेची सावली एकीकडे, छापलेली दुसरीकडे. डोळ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. तेव्हापासून मूळ लाकूड सपाट उजेडातच स्कॅन करा असं प्रत्येक पार्टीला सांगतो. सावली आमचा रोलर देईल.

सर्वांत महागात पडलं ते रजिस्टर, म्हणजे छापलेल्या गाठीवर पोताची गाठ आणि रेषेवर रेष बसवणं. आम्ही प्रिंटची लांबी आणि रोलरचा परीघ काटेकोर सारखे ठेवले होते. पार्टीच्या मशीनवर पहिले काही मीटर झकास निघाले. मग पोताची गाठ छापलेल्या गाठीच्या पुढे सरकू लागली. गरम शीट ताणात लांबते. मीटरमागे तीन मिलिमीटर लांबली तरी दहा मीटरला तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. चारशे मीटर माल वाया गेला, निम्मा खर्च आम्ही सोसला. त्या रात्री बाबांना मी पहिल्यांदा गाळ्यात न जेवता बसलेलं पाहिलं. उत्तर त्यांनीच काढलं: “कापड ताणता येतं, आकसवता येत नाही.” छपाई मुद्दाम किंचित आखूड ठेवायची, रोलर किंचित मोठा, आणि उरलेलं अंतर ताणाने भरायचं. शीटच्या काठावरची खूण इलेक्ट्रिक आय, म्हणजे प्रकाशावर चालणारा सेन्सर, वाचते आणि ताण कमी-जास्त करते. आज आमचं निम्म्याहून जास्त काम या प्रकारचं आहे.

रसायनाने पोत उठवायची पद्धतही आहे. अमेरिकेतल्या काँगोलियम-नायर्न कंपनीची त्यावरची पेटंटं १९६६ ची. फोमच्या थरात फुगवणारं रसायन असतं. जिथे खास शाई छापली तिथे ते भट्टीत नीट फुगत नाही, भाग खोल राहतो. चित्र आणि खोली दोन्ही छपाईतूनच येतात, म्हणून जुळवणी सोपी. पण कडा गोलसर येतात. टाइल्सच्या सांध्याला ते शोभतं. सागाचं छिद्र त्यातून निघत नाही, त्याला कोरीव रोलरच हवा, असं माझं ठाम मत आहे.

सध्या शहाबादी फरशीचा रोलर हातात आहे. नमुना घरी अंथरला, आई त्यावरून अनवाणी फिरली. पोत तिला पटला. मग वाकून तिने सांध्यातून नख फिरवलं आणि म्हणाली, “इथे केर बसेल रे, पुसताना निघायचा नाही.” रोलर लेथवर घेऊन घासून काढलाय. सांधा निम्मा उथळ करून पुन्हा कोरतोय.