आमची वाटचाल : कमिनिस्टिक्वियाच्या काठावरून

कॅनडातील थंडर बे येथे, कमिनिस्टिक्विया नदीवर, मी आणि माझी पत्नी गेली बारा वर्षे कॅनू भाड्याने देण्याचा आणि नदीसहली काढण्याचा छोटा व्यवसाय करीत आहोत. सुरुवात तीन जुन्या फायबरग्लासच्या होड्यांवर आणि एका ट्रेलरवर झाली. त्या ट्रेलरचा आस पहिल्याच उन्हाळ्यात काकाबेका धबधब्याच्या रस्त्यावर मोडला आणि हंगामाची बहुतेक मिळकत दुरुस्तीत गेली.

त्या काळी आम्ही पाहुण्यांना फर व्यापाराची, म्हणजे प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापाराची, जी हकीकत सांगत असू, ती केवळ वल्हेकऱ्यांची होती. मॉन्ट्रियलजवळच्या लाशीनहून सुमारे 11 मीटर लांबीच्या कॅनू मे महिन्यात निघत आणि सुपीरियर सरोवराच्या पश्चिम काठावर पोहोचत, जेथे आतल्या प्रदेशात हिवाळा काढलेली माणसे बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या प्राण्याची कातडी घेऊन आलेली असत. हा मेळा आधी ग्रँड पोर्टेजला आणि 1803 पासून आमच्या नदीच्या मुखाशी भरू लागला. ग्रँड पोर्टेजची, धबधबे टाळून जमिनीवरून जाणारी, साडेतेरा किलोमीटरची वाट सुमारे 41 किलोची दोन गाठोडी कपाळपट्टीवर पेलून चालावी लागे, हे ऐकून सह्याद्रीत भटकलेले पाहुणेही गप्प होत.

पाचव्या वर्षी वाईहून आई आली. संग्रहालयातील बर्चच्या सालीची कॅनू तिने वाकून निरखली आणि विचारले, "ही शिवली कोणी रे?" गोधड्या शिवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हाच प्रश्न पडणार, आणि मला त्याचे उत्तर देता येईना.

पुढचा हिवाळा वाचनात गेला. स्प्रूसच्या मुळांनी साल शिवणे, सांध्यांवर राळ चढवणे, बर्फावरच्या पादत्राणांची जाळी विणणे, बायसनच्या सुक्या मांसात चरबी मिसळून पेमिकन हे टिकाऊ खाद्य करणे ही कामे मुख्यतः क्री आणि ओजिब्वे या मूळनिवासी समाजांतील स्त्रियांच्या हातची होती. व्यापारी त्यांच्याशी देशी रिवाजाने, पाद्रीविना लग्न करीत, आणि अशा घरांतूनच मेटिस समाज उभा राहिला. शार्लट स्मॉल या मेटिस स्त्रीने 1799 मध्ये नकाशाकार डेव्हिड थॉम्पसनशी लग्न केले आणि 1807 मध्ये तीन लहान मुलांसह त्याच्याबरोबर रॉकी पर्वत ओलांडला. सगळ्यांचे असे निभावले नाही. विल्यम कॉनोलीने क्री पत्नी सुझान हिला सोडून 1832 मध्ये मॉन्ट्रियलमध्ये दुसरे लग्न केले. पहिला विवाह कायदेशीर असल्याचा निकाल न्यायालयाने 1867 मध्ये दिला, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

त्यानंतर आम्ही सहलीची मांडणी बदलली. आता निम्मा वेळ नदीवर आणि निम्मा काठावर, एका मेटिस मार्गदर्शक बाईंबरोबर, मुळे सोलण्यात जातो. केवळ वेगाने वल्हवण्याची हौस असलेले काही ग्राहक तुटले, याची मला फारशी खंत नाही. तीन वर्षांपूर्वी सालीची एक कॅनू बांधून घेतली. ती भाड्याने देत नाही. तिच्या सांध्यांना दर वसंतात पुन्हा राळ लावावी लागते, आणि ते काम अजून माझ्या हाताला बसलेले नाही.