गाडी पार्किंगमध्ये, आम्ही लिफ्टमध्ये

कोलंबसचं गाव म्हणून शाळेत पाठ केलेलं जिनोआ. तिथली माणसं जेनोवा म्हणतात. विमानतळावरच गाडी भाड्याने घेतली, ती नवऱ्याच्या "आपल्या मर्जीने फिरू" या लाडक्या वाक्याखातर. काउंटरवरच्या मुलाने इंटरनॅशनल परमिट उलटसुलट करून पाहिलं, जुने ओरखडे कागदावर फुल्या मारून दाखवले आणि छोटी लाल फियाट पांडा आमच्या हवाली केली. तरी मी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून व्हिडिओ काढलाच. पुणेकर आहोत.

शहराकडे येताना दरीवरचा लांब पूल लागतो. १४ ऑगस्ट २०१८ला इथलाच जुना मोरांदी पूल कोसळून ४३ माणसं गेली होती. नवा पूल वास्तुरचनाकार रेन्झो पियानोच्या आराखड्याने दोन वर्षांत उभा राहिला. पूल संपेपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

मर्जीने फिरणं पहिल्याच संध्याकाळी संपलं. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, त्या चिंचोळ्या पट्टीत सगळं शहर कोंबलेलं. जुन्या भागातल्या बोळांना 'कारूजी' म्हणतात. काही इतके अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतात. तिथे पांडा काय करणार? शिवाय जागोजागी 'झेड-टी-एल'च्या, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाच्या, पाट्या. परवानगीशिवाय आत शिरलात की कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र तुमच्यामागे घरापर्यंत येतं. निळ्या पट्ट्यांत पैसे भरून पार्किंग, पिवळ्या आपल्या नव्हेत, पांढऱ्या फुकट, म्हणून कायम भरलेल्या. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून नवरा म्हणाला, "बघ गं, ती पांढरी आहे का?" पांढरी होती. तिच्यात स्कूटर होती.

स्कूटरी तर विचारू नका. आणि का नसाव्यात? व्हेस्पा काढणाऱ्या पियाज्यो कंपनीचा जन्म विमानतळाशेजारच्या सेस्त्री पोनेंतेचा, १८८४चा. बाबांची बजाज चेतक त्या व्हेस्पाच्याच वंशातली, आणि आता तर पियाज्योची मंडळी बारामतीला नांदतात. एका जुन्या स्कूटरची डिकी पाहून मला उगीचच आमचा वाडा आठवला.

शेवटी गाडी एका भूमिगत पार्किंगमध्ये ठेवली आणि जिनोआ दिसायला लागलं. हे शहर लिफ्टने फिरायचं. बससारख्याच सार्वजनिक लिफ्ट! पोर्तेल्लो चौकातून टाइल्स लावलेल्या बोगद्यात शिरायचं, लिफ्टमध्ये उभं राहिलं, की थेट वर कास्तेल्लेत्तो टेकडीच्या कठड्यावर. खाली पाटीच्या दगडाची करडी छपरं आणि त्यांच्या पलीकडे बंदर. तिथून उतरून फारिनाता खाल्ली. बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल परातीएवढ्या तांब्याच्या थाळ्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. आपल्या धिरड्याची मावसबहीणच. ओवा-मिरचीची चुटपुट मात्र शेवटच्या घासापर्यंत राहिली.

तरी गाडीने एक दिलं, ते म्हणजे सोप्राएलेव्हाता. १९६५ साली बंदराच्या कडेकडेने बांधलेला उन्नत रस्ता. शहर आणि समुद्राच्या मध्ये हा काँक्रीटचा आडोसा कशाला, पाडून टाका, म्हणणारे तिथे पुष्कळ आहेत. त्यांचं खरंही असेल. पण गाडीतून?

शेवटच्या संध्याकाळी मुद्दाम पांडा बाहेर काढली. तिथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे मी उजव्या खिडकीशी. लांतेर्ना या दीपगृहाकडे जाताना माझ्या बाजूला घरं. १२६०चा पालाझ्झो सान जोर्जो, रंगवलेल्या चित्रांच्या भिंतीसकट, अगदी शेजारून गेला. पुढे वाहतूक तुंबली आणि आमच्याच उंचीवरच्या एका खिडकीत एक आजी तोंडात चिमटा धरून दोरीवरची चादर ओढताना दिसल्या. शेजारी बेसिलची कुंडी. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परतताना माझ्याकडे बंदर आलं. सार्डिनियाला निघालेली बोट, तिच्या पोटात शिरणारी गाड्यांची रांग, आणि मागे लांतेर्नाचा फिरता उजेड.

"अजून एक फेरी?" नवऱ्याने विचारलं.

"मार."